पद्मजाबाईंनी सोडलेला डोसा

यवतमाळच्या एका सरकारी कचेरीत श्रीकृष्णरावांनी चौतीस वर्षं कारकुनी केली. तेवढ्या काळात साहेबापुढे कधी आवाज चढवला नाही की शिपायाला अरे म्हटलं नाही. घरी मात्र रुसायचा हक्क त्यांनी पुरेपूर बजावला. भाजीत मीठ कमी पडलं की गडी दोन दिवस मुका. अशा माणसाचा संसार पद्मजाबाईंनी गोडीत केला, आणि त्याचं निम्मं श्रेय पंजाबरावांच्या हॉटेलातल्या मसाला डोशाला द्यायला हवं.

श्रीकृष्णरावांच्या आईचं सोवळं कडक होतं. बाहेरचं खाऊन आलेल्या माणसाला ती आधी अंघोळ करायला लावायची आणि मग दिवसभर तोंडाचा पट्टा चालवायची. म्हणून लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात नवराबायको खोटं बोलायला शिकली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी 'देवळात जाऊन येतो' म्हणून निघायचं, खरोखर देवळात जायचं, म्हणजे पाप अर्धंच लागतं, आणि तिथून तडक पंजाबरावांकडे. बोरी अरबहून सासरी आलेल्या पद्मजाबाईंनी तोवर डोसा पाहिलाही नव्हता. ताटाबाहेर दोन्हीकडून डोकावणारा तो प्रकार समोर आला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "अहो, हा कुठून सुरू करायचा?" श्रीकृष्णरावांना तरी कुठे ठाऊक होतं? पण नवरेपणाची लाज राखायला त्यांनी मधोमध हात घातला आणि बोटं भाजून घेतली.

डोसा एकच घ्यायचा. तिला कुरकुरीत कडा, त्यांना आतली भाजी. पुढे बढती झाली, सासूबाई गेल्या, मुलगी शाल्मली लग्न होऊन पुण्याला गेली, तरी टेबलावर डोसा एकच यायचा. तिथे पद्मजाबाई घरच्यापेक्षा निराळ्या असायच्या. शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसांबद्दल काहीबाही गोष्टी रचायच्या आणि स्वतःच तोंडाला पदर लावून हसायच्या. श्रीकृष्णराव त्या टेबलाशी एकदाही रुसले नाहीत.

मग श्रीकृष्णरावांना हृदयाचं दुखणं लागलं. नागपूरला बायपास झाली. ते हिंडूफिरू लागल्यावर पद्मजाबाईंनी काशीचा धोशा लावला आणि नात्यातल्या चार माणसांबरोबर दोघं काशीला गेले.

काशीला गेलं की आवडीचं काहीतरी जन्मभरासाठी सोडायचं असतं. शहाणी माणसं कारलं सोडतात. श्रीकृष्णरावांनीही कारलंच सोडलं, जे त्यांनी आयुष्यात कधी तोंडात घेतलं नव्हतं. पद्मजाबाई गुडघाभर गंगेत उभ्या होत्या. गुरुजींनी विचारल्यावर त्या म्हणाल्या, "मी डोसा सोडला."

सोबतची मंडळी हसली. श्रीकृष्णराव हसले नाहीत. त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. डोसा सोडला म्हणजे रविवार सोडला, रविवार सोडला म्हणजे आपल्याबरोबर बसणं सोडलं. ही बाई आपल्याला कंटाळली आणि देवाच्या आडून मोकळी झाली, असा सरळसोट हिशेब त्यांनी तिथेच काठावर अंग पुसता पुसता मांडला. बायकोला विचारून खात्री करून घ्यावी, एवढं काही त्यांना सुचलं नाही.

परत आल्यावर पहिल्या रविवारी ते एकटेच चपला घालून निघाले.

"थांबा, मी येते नं," पद्मजाबाई म्हणाल्या. "मी चहा घेईन."

"कायले? चहा घरी भेटते."

पद्मजाबाईंनी पुन्हा बरोबर यायचं काढलं नाही. सहा वर्षं हे असंच चाललं. ते जायचे, रागारागानं अख्खा डोसा खायचे, कडा ताटात टाकायचे आणि घरी येऊन पेपर उघडायचे. पद्मजाबाई दोनतीनदा म्हणाल्या, "कसा होता आज?" ते म्हणायचे, "डोशासारखा."

यंदा संक्रांतीनंतर पद्मजाबाईंचं पोट दुखायला लागलं आणि होळीपर्यंत सगळं हाताबाहेर गेलं. नागपूरच्या डॉक्टरांनी शाल्मलीला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, मनात येईल ते खाऊ घाला. शाल्मलीनं ते बाबांना सांगितलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे एकच पदार्थ आला. भर उन्हात ते हॉटेलात गेले. म्हातारे पंजाबराव गल्ल्यावरून उठून स्वतः तव्यापाशी गेले. "वहिनीले सांगजा," डबा देताना ते म्हणाले, "पंजाबरावनं आपल्या हातानं टाकला."

पद्मजाबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. श्रीकृष्णरावांनी डबा उघडला, कडेचा तुकडा मोडला आणि त्यांच्या ओठांजवळ नेला.

"मी सोडला आहे नं," त्या म्हणाल्या.

"आता काय त्याचं? एका घासानं काही होत नाही."

"होते."

"काय होते?"

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. श्रीकृष्णरावांना राग आला. मरणाच्या दारातल्या बायकोवर राग येतो, याची लाजही वाटली, पण शब्द तोंडातून गेलेच. "एवढा काहून हट्ट? असं काय मागितलं होतं तू त्या गंगेपाशी?"

सहा वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं.

"तुम्हाले मागितलं," पद्मजाबाई म्हणाल्या. "ऑपरेशन झालं तवा डॉक्टर म्हणे, भरवसा देता येत नाही. मग देवाले काय द्यायचं? कारलं?" दम घ्यायला त्या थांबल्या. "माझी तेवढीच एक चैन होती. तीच देऊन टाकली. आता मी खाल्लं, अन् तुम्हाले काही झालं तर? पोरीले माहेरी कोण राहीन?"

श्रीकृष्णरावांच्या हातातला तुकडा तसाच राहिला. एकट्यानं खाल्लेल्या एकेका रविवारची त्यांना किळस आली. जिनं आपला जीव मागून आणला, तिला आपण साध्या चहालाही बरोबर नेलं नाही.

"मले सांगायचं नं तवाच, पद्मा."

"तुम्ही विचाराल म्हणून वाट पाह्यली," त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. ते ऐकून श्रीकृष्णराव रडले, लहान पोर रडतं तसे, नाक वाहेपर्यंत.

पद्मजाबाईंनी त्यांना रडू दिलं. मग म्हणाल्या, "थंडा होऊन राह्यला तो. खा तुम्ही. अन् कसा आहे ते नीट सांगा मले."

त्यांनी घास तोंडात घातला. चव कसलीच लागत नव्हती.

"भाजीत आज लसूण जास्त पडला," ते म्हणाले.

"अजून?"

"चटणीतली मोहरी जरा करपली."

"अन् कडा?"

"कुरकुरीत," श्रीकृष्णराव म्हणाले. डब्यात वाफ धरून डोसा केव्हाच मऊ पडला होता. पद्मजाबाई डोळे मिटून ऐकत होत्या, म्हणून ते सांगत राहिले, आणि डबा रिकामा झाला तरी थांबले नाहीत.