एक परात अवरे आणि अर्धी राहिलेली गोष्ट

गेल्या रविवारी मी माझा वाचनवर्ग बंद करायचं ठरवलं होतं...

म्हैसूरच्या अग्रहार भागातल्या आमच्या गच्चीवर दर रविवारी सकाळी मी मुलांना गोष्टीची पुस्तकं वाचायला बसवते. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट, त्यामुळे उत्साह जरा जास्तच! भिंतीवर तक्ता, प्रत्येक पुस्तकाला एक स्टार, आणि वाचून झालं की माझे पाच प्रश्न.

सुरुवातीला नऊ मुलं यायची. गेल्या रविवारी उरली एकटी सिंचना, माझ्या भावाची मुलगी... तीही घरातलीच म्हणून. दहा मिनिटांत तिनेही पुस्तक मिटलं. "अत्ते, तू शाळेसारखीच आहेस," म्हणाली आणि पुस्तक काखेत मारून खाली पळाली. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं.

खाली आई भिजवलेले अवरे घेऊन बसली होती. अवरे म्हणजे पावट्यासारखे दाणे. थंडीत म्हैसूरला घरोघरी ते भिजवतात आणि एकेक दाणा चिमटीत दाबून सालीतून काढतात. आईने सिंचनालाही परातीसमोर बसवलं. दोन मिनिटांत कुरकुर सुरू... "अज्जी, बोटं दुखतात."

"मग ते पुस्तक वाचून दाखव. वाचशील तोवर तुला सुट्टी. थांबलीस की लाग कामाला!"

मी जिन्यातच थांबले. पुस्तक मराठी होतं, पुण्याच्या मैत्रिणीने पाठवलेलं, एका हरवलेल्या मेंढीचं. शाळेतल्या हिंदीमुळे सिंचनाला अक्षरं येतात, पण शब्द अडतात. आईच्या माहेरी मराठीच बोलतात, म्हणून तिला सगळे शब्द येतात, अक्षरं मात्र कुठलीच नाहीत. तिचं माहेर बन्नूर... लहानपण शाळेत नाही, मेंढ्यांमागे गेलं.

"अज्जी, कुंपण म्हणजे?"

"अय्यो, एवढं येत नाही? बेली गं, बेली!"

मेंढी कुंपणातून निसटली आणि आईचे हात थांबले. "आमेले?" म्हणजे, पुढे काय झालं? सिंचनाने पान उलटलं. मेंढी वाट चुकली.

"हॅत्! या लिहिणाऱ्याने मेंढी पाळलेली नाही. आमच्या बन्नूरची मेंढी अशी चुकायची नाही... बरं, आमेले?"

अवरे संपले, मेंढी काही सापडली नाही. आई स्वयंपाकाला उठली. मी सिंचनाला म्हटलं, उरलेलं तू वाच की. तर म्हणते, "अज्जीशिवाय नाही."

सोमवारी ऑफिसातून आले तर आई परत परात घेऊन बसलेली! "काल तर केले होते," मी म्हटलं. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाजारात ताजे दिसले." सिंचना शेजारी पुस्तक उघडून तयार...

मंगळवारीही ताजे दिसले. बुधवारीही.

मेटगळ्ळीच्या कारखान्यात बाबांच्या डब्यात रोज अवऱ्यांचं सार. शेवटी त्यांनीच हात जोडले, "सिंचना, आज ती मेंढी सापडव बाई. मला डबा उघडवत नाही."

बुधवारी संध्याकाळी मेंढी सापडली. आईने पदराला हात पुसले, पहिल्यांदाच पुस्तक हातात घेतलं आणि शेवटच्या पानावरचं चित्र निरखून बघितलं. "बारीक झाली गं," म्हणाली.

माझ्या पाचही प्रश्नांची उत्तरं मला आधीच ठाऊक असायची. मुलांना ते कळत होतं. आईला मात्र पुढचं खरंच ठाऊक नव्हतं, म्हणून ती विचारत होती... आणि सिंचना तिच्यासाठी पानं उलटत होती.

तक्ता मी काढून टाकलाय. या रविवारी गच्चीवर आई, परात आणि नवीन पुस्तक. सिंचना गल्लीतल्या चौघांना सांगूनही आलीय.

बाबांना अजून कुणी सांगितलेलं नाही...