अवकाश मॅडम

राजाजीनगरच्या त्या इमारतीत रंजिताबाईंविषयी जे काही बोललं जाई ते जिन्यात, आणि त्यांच्या दाराची कडी लागल्याचा आवाज आल्यानंतरच. "साखर मागायला जावं, तर बाई आधी विचारते, कालची संपली कशी," असं तळमजल्यावरच्या सोयराबाई सांगत. समोरच्या दारातून त्यावर जोड मिळे: "बोलणं कसलं ते, तोंडी परीक्षाच."

सोयराबाईंचा राग साखरेचा नव्हता. त्यांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहिलेलं, आणि नातू विराट मारतहळ्ळीजवळच्या ज्या खासगी विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकत होता, तिथेच रंजिताबाई गणित शिकवीत. आपल्यापैकीच एक बाई तिथे आहे, याचा त्यांना आधी आधार वाटला होता. मग कानावर आलं, की ही बाई शहराबाहेरच्या आनेकलच्या पॉलिटेक्निकमधली पोरं थेट दुसऱ्या वर्षात आणून विराटच्या वर्गात बसवणार आहे.

"आमच्या पोरानं रक्त आटवून सीट मिळवली," सोयराबाईंनी जिन्यात गाठलंच. "त्याच्या बाकावर तू डिप्लोमाची पोरं बसवणार? शेजारधर्म म्हणून स्वल्प तरी विचार करायचा होतास."

"बाक विद्यापीठाचा आहे, सोयराबाई. विराटला घरून आणायला सांगू का?"

त्या दिवसापासून दोन्ही घरांतलं बोलणं संपलं.

डिप्लोमा करून दुसऱ्या वर्षात येणारी मुलं त्या विद्यापीठात आधीही होती. त्यांना सगळे 'लॅटरल' म्हणत. आडनाव असावं तसं ते त्यांना चिकटे. त्यांची वेगळी तुकडी केली जाई, पहिल्या वर्षाचं गणित त्यांना येतंच असं धरून शिकवलं जाई, आणि ते त्यांना कधी कुणी शिकवलेलंच नसे. वर्ष सरेपर्यंत त्यांतली कितीतरी मुलं गळून जात. मुलं कच्ची होती, असं ठरवून विभाग पुढच्या कामाला लागे.

रंजिताबाई निपाणीकडच्या एका खेड्यातून, मराठी शाळेतून आलेल्या. समजत नसताना मान डोलावणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी आराखडा मांडला: डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षीच विद्यापीठाच्या शिक्षकांनी दर शनिवारी आनेकलला जाऊन ते राहिलेलं गणित शिकवावं, दोन्हीकडचा अभ्यासक्रम एकमेकांना जोडून घ्यावा, शेवटी एक चाचणी घ्यावी, आणि जो उत्तीर्ण होईल त्याला प्रवेश द्यावा, वेगळ्या तुकडीत नव्हे, सर्वांबरोबर. विभागप्रमुख कृष्णमूर्तींनी विरोध केला. तो टिकेना, तेव्हा त्यांनी अट घातली: निम्मी मुलं उत्तीर्ण झाली नाहीत, तर योजना बंद. अट मान्य झाली. शनिवारी आनेकलला जायला मात्र रंजिताबाईंखेरीज कुणी निघालं नाही.

चाचणीचा निकाल लागला, आणि निम्म्याहून अधिक मुलं नापास ठरली. नापास म्हणजे ती आलीच नव्हती. चाचणीच्याच रविवारी आनेकलच्या एका कारखान्यात प्रशिक्षणार्थींची भरती होती. मुलं तिकडे गेली होती.

रंजिताबाई तडक आनेकलला पोहोचल्या. चंदना नावाची मुलगी वर्गात सर्वांत हुशार, आणि चाचणीला तीही गैरहजर. त्यांनी तिला उभं करून विचारलं, "वर्षभर मला घसा कशाला फोडायला लावलास?"

चंदना गोंधळली. "मॅडम, तुम्हीच सांगितलंत ना. आम्ही विचारलं, त्या दिवशी भरती आहे, काय करायचं? तुम्ही म्हणालात, परीक्षेगे इन्नू अवकाश इदे."

रंजिताबाई खुर्चीवर बसल्या. तो शेवटचा शनिवार त्यांना आठवला. बस चुकेल म्हणून त्या सामान आवरत होत्या, मुलीचा प्रश्न अर्धाच ऐकला होता, आणि शब्द मात्र अगदी हेच उच्चारले होते. मराठी मनाने त्या म्हणत होत्या, परीक्षेला अजून अवकाश आहे. दिवस बाकी आहेत, आत्तापासून घाबरू नका. पण कन्नडमध्ये अवकाश म्हणजे संधी. मुलांनी ऐकलं: परीक्षेची संधी पुन्हा आहे. हा अर्थ रंजिताबाईंना ठाऊक नव्हता असं नाही. घाईत जीभ माहेरच्या वाटेने गेली.

विद्वत्‌सभेच्या बैठकीत कृष्णमूर्ती शांतपणे बोलले. "ज्यांना परीक्षेपेक्षा कारखान्याची रांग मोठी वाटते, त्यांना रांगेतच राहू द्यावं. मी अट वाचून दाखवू?"

"नको," रंजिताबाई म्हणाल्या. "मुलांना चुकीचं मी सांगितलं." आणि त्यांनी ते वाक्य, जसं उच्चारलं होतं तसंच, सभेपुढे उच्चारलं.

आधी कुणाला काही कळेना, तेव्हा त्यांनी अवकाशचा मराठी अर्थही सांगितला. मग एकजण हसला, आणि मागोमाग सगळं टेबल. "इतकी वर्षं बेंगळुरूत, आणि अजून अवकाश?" कुणीतरी म्हणालं. रंजिताबाईंनी हसू ओसरू दिलं आणि एकच मागणी केली: चाचणी पुन्हा घ्यावी, प्रश्नपत्रिका कृष्णमूर्तींनी काढावी, हवी तेवढी कठीण. ते नाही म्हणू शकले नाहीत.

त्यांनी ती कठीणच काढली. काही मुलं खरोखरच नापास झाली. कारखान्यात लागलेली काही आलीच नाहीत. पण चंदनासकट बहुतेक मुलं उत्तीर्ण झाली, आणि जुलैत ती विराटच्या वर्गात येऊन बसली. योजना टिकली. रंजिताबाईंना मात्र शिपायापासून डीनपर्यंत सगळे पाठीमागे 'अवकाश मॅडम' म्हणू लागले. सोयराबाईंनाही विराटकडून ते कळलं, आणि जिन्यात त्या शब्दाला चांगलीच बरकत आली.

एके दिवशी स्टाफरूममध्ये, चारजण ऐकत असताना, कृष्णमूर्तींनी कप खाली ठेवून विचारलं, "मॅडम, त्या पोरांसाठी स्वतःचं हसं करून घेतलंत. त्यांतल्या एकाने तरी येऊन आभार मानले का?"

रंजिताबाईंनी वहीतून मान वर केली. "आभार कशाचे? चूक माझी होती, ती मी भरली. तुमच्या चुका मात्र, कृष्णमूर्ती सर, अजून पोरंच भरताहेत."