वन्संनी धंदा नोंदवला

ह्यांचं आणि वन्संचं मोठं भांडण मी एकदाच ऐकलं. तेही भिंतीआडून, भांडी घासताना. नळ बंद केला, म्हणजे शब्द सांडायला नकोत.

"आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घ्यायचा आणि वर सरकारला बोलावून दाखवायचा," हे म्हणत होते.

"दादा, किती वर्षं पडदा ओढून शिवू? गिऱ्हाईक मागच्या दारानं येतं. मी काय चोरीचा माल विकते?"

"आणि नोकरी गेली तर?"

त्यावर शिवणाच्या मशीनची खडखड सुरू झाली.

वन्सं म्हणजे माझी नणंद. नवरा गेल्यावर आमच्याकडे आल्या त्या राहिल्याच. दिवसा इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालायच्या, संध्याकाळी घरी शिवण. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायची, झिजलेली कॉलर उसवून उलटी लावायची. धुलाईघराची अट होती, विचारल्याशिवाय दुसरं काम करायचं नाही. वन्संनी कधी विचारलंच नव्हतं. पडदा त्यासाठी.

भांडणानंतर त्यांनी रजा काढली आणि मला म्हणाल्या, "वहिनी, कराच्या कचेरीत सोबत चला. मला लिहिता येतं, पण धीर होत नाही." मला दोन्ही येत नव्हतं. तरी गेले.

खिडकीत एक तरुण मुलगी होती, स्वभावानं बरी. कागदावर विचारलं होतं, हे काम कधीपासून करता. वन्संनी नवरा गेला ते साल घातलं.

मुलगी हळूच म्हणाली, "बाई, आजची तारीख टाका. सगळे तेच करतात. मागचं उकरून काय मिळणार?"

"आज कुठे सुरू केलं? आज तर तुमच्या रांगेत उभी आहे."

मी कोपरानं ढोसलं. वन्सं ढिम्म. मुलीनं सुस्कारा सोडला आणि सांगितलं, नोकरी आहे तर तिथली परवानगीची सही आणा.

धुलाईघराच्या मुकादमानं कागद वाचला आणि साल पाहून थांबला. "आजपासूनचं असतं तर डोळे मिटून सही केली असती. तुम्ही तर इतकी वर्षं मला फसवलंत."

"फसवलं खरं," वन्सं म्हणाल्या.

त्या महिन्याच्या पगाराबरोबर नोकरी संपली.

"एवढा खरेपणा शिकलीस कुठे?" ह्यांनी विचारलं. "आपल्या घराण्यात तर कुणी नव्हतं." मग कितीतरी दिवस बहीणभाऊ बोलले नाहीत. एका सकाळी मात्र ह्यांनी पडद्याचा दांडा उपटला, मशीन रस्त्याकडच्या खिडकीशी ओढून ठेवलं आणि कामावर गेले.

मागचा कर वन्संनी हप्त्यांनी फेडला. तेवढी वर्षं आमच्याकडे चहात दूध पाहुणा आला तरच. पण गिऱ्हाईक पुढच्या दारानं यायचं, आणि वन्सं मान वर करून बोलायच्या. आधी खालीच बघायच्या, हे मला तेव्हा कळलं.

पुढे हे गेले. आम्ही दोघीच उरलो. वन्संचे हात कापायला लागले, सुईत दोरा ओवेना. एक अख्खं वर्ष मशीन झाकूनच राहिलं. कर भरायचा महिना आला तशा त्या कपडे इस्त्री करून तयार.

"वन्सं, दमडी मिळवली नाही. सांगायचं काय?"

"काही मिळालं नाही, हेच. न सांगितलं तर त्यांना वाटेल, लपवलं."

त्या फेरीनंतर त्या पुन्हा घराबाहेर पडल्या नाहीत. त्या दिवशी मात्र माझा हात न धरता चालल्या, मध्ये एका बाकावर टेकल्या तेवढंच. खिडकीत नवीन माणूस होता. "आजी, शून्य सांगायला एवढ्या लांब आलात?"

वन्संनी कागद काचेखालून पुढे सरकवला. शिक्का बसला, तो वाळेपर्यंत त्या थांबल्या. येताना नेहमीच्या दुकानातून, दरवर्षीसारखं, पांढऱ्या दोऱ्याचं रीळ घेतलं आणि पुढच्या वर्षीच्या हिशेबाला त्याची पावती मागून घेतली.