दहावा माणूस

नांदेडहून लातूरला येताना एसटीत शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. खिशातली पांढरी टोपी काढायचे, मांडीवर तिची घडी सरळ करायचे, परत ठेवायचे. मला राहवलं नाही. "काका, देवाला निघालात का?"

"मी देव मानत नाही," ते हसून म्हणाले.

ते मूळचे कोकणातले, मराठी बोलणारे ज्यू. विष्णुपुरीला धरणाच्या नोकरीवर आले आणि इकडेच राहिले. ठाण्यात त्यांच्या नात्यातलं कुणी वारलं होतं. मुलाला बापासाठी प्रार्थना म्हणायची होती, पण दहा पुरुष उभे असल्याशिवाय ती म्हणता येत नाही. तिथे नऊच जमत होते.

"देवच मानत न्हाईत, तर तुमाला कसं धरतेत त्यात?"

"आमच्यातले एक वडीलधारे मला चारचौघांत धर्मबुडवा म्हणतात. काल फोन त्यांचाच. मी म्हटलं, माझा विश्वास नाही. तर म्हणाले, त्यावर नंतर भांडू. ज्यू आईवरून ठरतो. आई ज्यू होती ना तुझी? मग ये."

आमच्या भावकीत एवढ्यावरून बोलणं तुटलेलं मी पाहिलंय.

लातूर आलं. ठाण्याकडची रेल्वे धरायला उतरताना त्यांनी पुन्हा खिसा चाचपला. "देव नाही म्हटलेलं चालतं," ते म्हणाले. "प्रार्थनेला उघडं डोकं नाही चालत. टोपी विसरलो तर तोच म्हातारा दारातून परत पाठवेल."