ताईंच्या नावावरची माझी ओळ

प्रोग्राम कोसळला की मागे फक्त एक पत्ता उरतो, आकड्यांतला. तो एका छोट्या कमांडला दिला की ती घोटाळ्याची फाइल आणि ओळ सांगते. हैदराबादच्या माझ्या पहिल्या नोकरीत ती कमांड मला ऑफिसातल्या, तिथल्याच नल्लकुंटा भागात राहणाऱ्या एका मराठी ताईंनी शिकवली. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. इंग्रजीत शंका विचारायला लाजायचो, म्हणून त्या मराठीत समजवायच्या. "घाबरू नक्को रे, मशीन खातंय का तुला?"

एकदा ग्राहकाकडे प्रोग्राम कोसळला. कमांडने ताईंनी लिहिलेली ओळ दाखवली, आणि मी ती भर मीटिंगमध्ये त्यांच्या नावासकट वाचून दाखवली. ताई दोन दिवस ती ओळ तपासत बसल्या.

मग माझ्या लक्षात आलं. ग्राहकाकडे जुना प्रोग्राम होता आणि मी कमांड चालवली होती त्याच सकाळी नव्याने बनवलेल्यावर. नव्यात सगळे पत्ते सरकले होते. जुन्यावर चालवली, तर ओळ माझी निघाली. मी ताईंना एकट्यात सांगितलं. "हौला आहेस," म्हणजे वेडपट, असं हैदराबादी ढंगात म्हणत त्या हसल्या.

पुढच्या मीटिंगमध्ये आमचे साहेब ताईंना म्हणाले, "यापुढे जरा जपून." ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"हो सर," त्या म्हणाल्या.

त्यानंतरही त्यांनी मला बरंच शिकवलं. 'ती ओळ माझी होती' हे वाक्य मात्र मी आजवर त्या साहेबांपुढे बोललेलो नाही.