रिकामं जातं
गिरणीत दळण संपून दगडावर दगड घासला आणि तो जळका वास आला, की मला नव्वदीतला राजूरचा बाजार आठवतो. तांदळाच्या पोत्यांपलीकडे एक बाई एकटीच जातं मांडून बसली होती आणि दाणा न टाकता ते गरागरा फिरवत होती. तिच्या वाडीतल्या एका पोरीवर बलात्कार झाला होता आणि सारी वाडी मूग गिळून बसली होती. रिकामं जातं फिरवणं अशुभ, म्हणून बाजारातल्या बायका घाबरून मूठमूठ नागली टाकायला धावल्या, त्यात माझी आईही. बाईनं दाणे झाडून काढले. म्हणाली, "दानं नगा घालू. पोरीचं वरडनं कुनाला आयकू आलं न्हाई, आता ह्ये तरी आयका." तो घासण्याचा आवाज दातांत शिरत होता. कधी चढ्या आवाजात न बोलणारी माझी आई मुठीतली नागली पिशवीत परत टाकून तिच्यासमोर बसली, आणि दोघींनी मिळून दळावं तसा तिनं खुंट्याला हात घातला. आता आई नाही. गिरणीवाला "ताई, झालं दळण" म्हणतो आणि मी तिथंच उभी राहते. त्या दिवशी आई नक्की कुणासाठी जातं ओढत होती?