जपानी डोंगरावरचं वर्षश्राद्ध

बायकोच्या वर्षश्राद्धाला मी जपानात होतो. तिथं नोकरी करणाऱ्या मुलानं तिकीट काढताना विमानाचे दर पाहिले, पंचांग पाहिलं नाही. आमच्या गारखेड्यातल्या गुरुजींनी फोनवर तोडगा सांगितला, "घास ठेवा, कावळा शिवला की झालं." परदेशात धर्म किती सुटसुटीत होतो.

मुलानं मला एका किल्ल्याच्या गावी नेलं. किल्ला पांढराशुभ्र, आतून सिमेंटचा, वर जायला लिफ्ट. शत्रूची केवढी सोय. आमच्या दौलताबादच्या किल्ल्यात अंधारी नावाच्या भुयारात शत्रू निदान ठेचकाळायचा तरी. गावातल्या गटारांत रंगीत मासे पोहत होते. शहागंजातली गटारं बघत वाढलेल्या माणसाला हे अपमानास्पदच.

मग केबलकारनं मागच्या डोंगरावर गेलो. खाली कौलारू गाव, नदी, मधोमध किल्ला. बायकोनं जन्मभर पाहुण्यांना वेरूळ दाखवलं. "एकदा मलाही दुसऱ्याचं गाव दाखवा," म्हणायची. मी दाखवायचो, पुस्तकात.

कठड्यावर कागद पसरून मी धपाट्याचा तुकडा आणि दही ठेवलं. शेजारीच पाटी होती: कावळ्याचं चित्र, त्यावर लाल फुली.

"अण्णा, इथं चालत नाय. उचला ते."

"तुझी आई वर्षानं जेवायला आलीय. तिला पाटी वाचून दाखव."

"लई बोलता तुम्ही."

तेवढ्यात म्हातारा रखवालदार आलाच. मुलगा कमरेत वाकून त्याच्याशी बराच वेळ जपानीत बोलला. गुरुजींपुढं तो एवढा कधी वाकला नव्हता. म्हाताऱ्यानं घासाकडं पाहिलं, टोपी काढली आणि लांब जाऊन नदीकडं तोंड करून उभा राहिला.

कावळे चार होते, कोंबडीएवढे. एकही जवळ येईना. असं झालं की गेलेल्या माणसाची इच्छा राहिली म्हणतात, आणि घरच्यांनी शब्द द्यायचा असतो.

"आई, अण्णांना मी सांभाळतो," मुलगा हात जोडून म्हणाला. कावळ्यांना ते फारसं पटलं नाही.

मग मी पुटपुटलो, "बघून घे निवांत. घाई नाही."

बराच वेळ गेला. मग एक कावळा उतरला आणि दह्यासकट घास घेऊन गेला. मुलानं चष्मा पुसला. मी पुसला नाही, कारण मला काहीच दिसत नव्हतं.

रखवालदारानं कठडा फडक्यानं पुसला, कागद घडी घालून माझ्या हातात दिला आणि काहीतरी बोलला.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, पुढच्या वर्षी मंगळवारी येऊ नका. मंगळवारी त्याची सुट्टी असते."